गणिताचे दार कोणी लोटले?



दरवर्षी आपल्या मंडळाच्या व्यासपीठावर ए-लेव्हलमध्ये उत्तम श्रेणी मिळविणाऱ्या मुलामुलींचा सत्कार होतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण केअर होममध्ये रात्रपाळी करून, गोदामात दिवसभर उभे राहून, चाळिशीत ए-लेव्हल गणिताचा अभ्यास करणारी माणसेही त्याच सभागृहात मागच्या रांगेत बसलेली असतात. त्यांच्या वाट्याला हार येत नाही, "या वयात कशाला?" हा प्रश्न तेवढा येतो.

हा प्रश्न आम्हीही विचारला आहे. रात्रपाळी करणाऱ्या एका भगिनीला आम्ही डॉक्टरकीच्या अधिकाराने पुरेशी झोप घ्यावयास सांगितले आणि गणिताऐवजी एखादा सोपा अभ्यासक्रम सुचविला. पहिला सल्ला वैद्याचा होता. दुसऱ्यातून आमच्यात दडून बसलेला मनू बोलला.

गणित ही उपजत बुद्धीची मिरास आहे, हे आपणांस कोणी शिकविले? ज्ञान जन्माशी बांधणाऱ्यांनीच ना? बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही. फारसी घ्यावी लागली. ते दार परक्यांनी बंद केले होते. गणिताचे दार मात्र आपणच आपल्या माणसांच्या तोंडावर लोटीत आहोत. ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बाबासाहेब शिकले, तेथे आज ए-लेव्हलच्या मार्गाने अर्थशास्त्राच्या पदवीकडे जावयाचे तर गणित अनिवार्य आहे!

वयाची आणि नोकरीची सबब कोणी सांगू नये. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 साली बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला आणि 1920 साली पुन्हा लंडन गाठले. 1923 साली डी.एस्सी. झाले तेव्हा ते 32 वर्षांचे होते. 1946 साली सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे वर्ग सकाळी भरविले गेले.

परीक्षा कठीण आहे, हे खरे. 2017 साली सुरू झालेल्या अभ्यासक्रमात दोन वर्षांचा अभ्यास एकाच उन्हाळ्यात, दोन-दोन तासांच्या तीन प्रश्नपत्रिकांत तपासला जातो. कॅल्क्युलस नुसते वाचून येत नाही. रोज उदाहरणे सोडवावी लागतात. कष्टकऱ्याला बुद्धीची वाण नसते. वाण असते ती सलग दोन तासांची, शांत खोलीची आणि चूक दाखवून देणाऱ्या माणसाची. त्यातच बाहेरून बसणाऱ्याला केंद्र स्वतः शोधावे लागते, फी स्वतः भरावी लागते आणि नावनोंदणीची नेहमीची मुदत फेब्रुवारीतच संपते.

हे सारे मंडळाच्या हाती आहे. रविवारच्या वंदनेनंतर सभागृह दोन तास अभ्यासासाठी उघडे ठेवा. आपल्यातील अभियंत्यांनी, शिक्षकांनी आळीपाळीने तेथे बसावे. इतरांनी मुले सांभाळावीत. जयंतीच्या भोजनातील एक पक्वान्न कमी करा आणि त्या पैशातून परीक्षेची फी भरा.

त्या भगिनीने आमचा सल्ला मानला नाही. ती परीक्षेला बसली. तिला कोणती श्रेणी मिळाली, हे विचारण्याआधी तिचा सत्कार करा. हार आम्ही घालू.

जयभीम!