घर सोडायला लावणारी कारणं

दहावीच्या वर्गात भूगोलाचा तास होता, विषय स्थलांतर. फळ्यावर दोन रकाने आखले: ‘ढकलणारी कारणं’ आणि ‘ओढणारी कारणं’. म्हटलं, पुस्तक मिटा, आपापल्या घरातलं सांगा.

एकीचं आजोळ मालेगावचं, विणकरांचं. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडची कितीतरी मोमीन घराणी मालेगाव-भिवंडीकडे आली. तिकडे इंग्रजांची दडपशाही आणि विलायती कापडानं बसलेले माग, हे ढकलणं. इकडे हातमागाच्या लुगड्यांना गिऱ्हाईक, हे ओढणं. एकाचे आजोबा १९७२ च्या दुष्काळात बीडकडून आपल्या शहरात आले. रानात काही उरलं नव्हतं, इथं हाताला काम मिळण्याची आशा होती. दुसऱ्याचे अब्बा रियाधला ड्रायव्हर. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात रस्ते-इमारतींची कामं निघाली आणि माणसांची गरज पडली.

घर सोडण्यात कमीपणा नाही. आपलं हिजरी सनच हिजरतीपासून मोजतात. मक्केत छळ होता, मदिनेहून बोलावणं होतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. डाव्या रकान्यात त्यानं लिहिलं: ‘आपाच्या निकाहचं कर्ज’. म्हणाला, “सर, परीक्षेला बसून काय करू? मामू तिकडे बोलावताहेत.” वर्ग गप्प झाला.

दुष्काळ आपण आणला नव्हता, इंग्रजांचा कायदाही आपला नव्हता. पण हे कारण आपल्या घरात, आपल्याच हातांनी तयार झालं होतं. हॉल, दावत, जहेज. आणि ते फेडायला सोळा वर्षांचं पोर.

ढकलणं कमी करता येतं. त्याच दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. गावातच काम मिळालं तर गाव सोडायची वेळ येत नाही, हा त्यामागचा विचार. सरकारनं दुष्काळाचं केलं, ते आपण जहेजचं का करू नये?

त्याच्या अम्मीला भेटलो. सांगितलं, जायचंच तर जाऊ द्या, पण अठरा पूर्ण झाल्यावर, दहावी पास होऊन. दहावी न झालेल्याला आखातात कामाला जाताना सरकारची वेगळी परवानगी लागते, आणि तिथं वाट्याला बहुधा अंगमेहनतीचंच काम येतं. एजंटाचा परवाना तपासा. ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, मग बघू’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “सर, धाकटीच्या निकाहला एवढं करणार नाही.”

पोरगा सध्या शाळेत येतोय.

आपल्याही घरी निकाहच्या खर्चाची यादी निघेल, तेव्हा तिच्यात एक रकाना वाढवा: हे फेडायला घरातलं कोण बाहेर जाणार? तिथं ज्याचं नाव येईल, त्याला आधी विचारा.