वाद आणि वितंडा

एका पंक्तीला दहा-बारा माणसें बसूं लागलीं कीं मतभेद हे व्हावयाचेच. थोरल्या काकांनीं एक बोलावें, कॉलेजांतल्या पुतण्यानें त्यांचा एखादाच शब्द धरून भलताच अर्थ काढावा, आणि आमटी निवून जावी, हा प्रकार सुशिक्षित घरांत तर अधिकच. न्यायशास्त्रांत यास 'छल' म्हणतात. वात्स्यायनाच्या न्यायभाष्यांतील त्याचें उदाहरण मोठें मार्मिक आहे. 'नवकंबल' म्हणजे नवें कांबळें पांघरलेला. छलवादी विचारतो, याच्यापाशीं नऊ कांबळीं कोठें आहेत? (आमच्या मावळांतल्या आषाढांत नऊही अपुरींच पडावयाचीं, ही गोष्ट वेगळी!) बोलणाराचा अभिप्राय ठाऊक असून शब्दांत त्याला अडविलें, एवढाच काय तो पराक्रम.

तत्त्वनिर्णयासाठीं चालतो तो वाद, जिंकण्यासाठीं चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचा केवळ मोडावयाचा ती वितंडा, असे भेद गौतमानें केले आहेत. मराठींत 'वाद' म्हणजे भांडण होऊन बसलें, आणि शाळांतील वक्तृत्वस्पर्धाही बहुधा जल्पच शिकवितात.

खऱ्या वादाचा नमुना पाहावयाचा तर तो लोणावळ्यांतच आहे. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं तेथें कैवल्यधाम स्थापून 'योगमीमांसा' हें इंग्रजी नियतकालिक सुरू केलें. योगाविषयीं कोणी चमत्कार सांगत, कोणी त्यास थोतांड म्हणत. स्वामीजी व्याख्यानें झोडीत बसले नाहींत. नौलीच्या वेळीं मोठ्या आतड्यांत दाब किती असतो, हें त्यांनीं नळी व दाबमापक लावून मोजलें; तो बाहेरील हवेच्या दाबाहून कमी भरला. मोजण्याची रीतही त्यांनीं छापली. संशय असेल त्यानें तसेंच मोजून पाहावें! परंतु मला याहूनही थोर वाटते ती दुसरी गोष्ट. प्राणायामानें शरीरास प्राणवायु जास्त मिळतो, हा योगभक्तांचा लाडका समज. मोजमापांत नेहमींच्या श्वसनाहून जास्त प्राणवायु शोषला जात नाहीं असें दिसलें, तेव्हां स्वपक्षाला गैरसोयीचें असूनही स्वामीजींनीं तें स्पष्ट लिहिलें.

घरांत दाबमापक नको, पूर्वपक्ष पुरे. आपल्या जुन्या ग्रंथकारांनीं प्रतिपक्षाचें म्हणणें आधीं नीट मांडावें व मगच उत्तर द्यावें, ही रीत घालून दिली आहे. घरीं मात्र धाकट्यांना, सुनांना तर विशेषच, आपला पक्ष मांडावयास अवसरच मिळत नाहीं. 'तिचें काय म्हणणें असणार!' या उद्गारांत निकाल लागलेला असतो. सुनेनें पुढें शिकावें कीं नाहीं, असा प्रश्न निघेल तेव्हां थोरल्या काकांनीं प्रथम तिचें म्हणणें तिच्या समक्ष आपल्या तोंडानें सांगावें, आणि 'होय, मला हेंच म्हणावयाचें आहे' असें ती म्हणेपर्यंत आपलें उत्तर राखून ठेवावें.