नटाचा दिग्दर्शक झाला, तर बिघडलें कोठें ?

गेल्या कार्तिकांत आम्ही नरसीस गेलों होतों. नामदेवरायांच्या या जन्मगांवीं, कयाधूच्या कांठीं, चार सुशिक्षित मंडळी बसली असतां श्री. अमोल पालेकर यांचा विषय निघाला. एका गृहस्थांनीं निकाल देऊन टाकला : "'गोलमाल'सारखें यश हातीं असतांना हा मनुष्य दिग्दर्शनाच्या आडरानांत शिरला आणि वाट चुकला !" बाकीच्यांनीं माना डोलविल्या. हेंच मत आम्हीं मुंबईस ऐकलें आहे, पुण्यासही ऐकलें आहे. आतां नरसीसही ऐकलें. तेव्हां त्याचा समाचार घेणें आम्हांस प्राप्त झालें.

पहिला आक्षेप असा कीं, पालेकर हे मूळचे नट. नटानें नटच राहावें. परंतु ते मूळचे नट होते, हें सांगितलें कोणीं ? जे. जे. कलाशाळेंत ते चित्रकला शिकले. पुढें सत्यदेव दुबे यांच्या सहवासांत रंगभूमीकडे वळले, आणि १९७२ सालीं 'अनिकेत' ही स्वतःची नाट्यसंस्था त्यांनीं काढली. 'रजनीगंधा' हा हिंदी बोलपट आला १९७४ सालीं, म्हणजे त्यानंतर. 'छोटी सी बात' आणि 'चितचोर' यांनीं त्यांना घरोघर पोंचविलें, हें खरें. पण लोकांनीं ओळखिलें तेव्हांपासूनच माणसाचा जन्म मोजावयाचा, हा कोठला न्याय? नटाचा भोळा, कारकुनी चेहरा आपणांस आवडला, म्हणून तो जन्मभर आपल्याकडे गहाण पडला, असें समजणें ही रसिकता नव्हे. ही सावकारी आहे.

त्यांनीं त्या चेहऱ्याचें केलें काय, तें पाहा. मानवतच्या हत्याकांडावरून सुचलेला 'आक्रीत' त्यांनीं १९८१ सालीं दिग्दर्शित केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. ज्या मुखावर मध्यमवर्ग भाळला, तेंच मुख नरबळीच्या पापांत बुडालेल्या मुकुटरावाला देऊन पालेकर पडद्यावर उभे राहिले. मानवत परभणी जिल्ह्यांतलें. नरसीही १९९९ पर्यंत त्याच जिल्ह्यांत होती. म्हणजे हें आमच्या शेजारचें पाप. तें दाखविणाऱ्यास "वाट चुकला" असें म्हणणाऱ्या मंडळींपैकीं किती जणांनीं 'आक्रीत' पाहिला होता, असें आम्हीं तेथेंच विचारलें. एकानेंही नाहीं !

दुसरा आक्षेप सुसंगतीचा. स्वतंत्र वृत्तीचा टेंभा मिरवून शेवटीं शाहरूख खानास घेऊन 'पहेली' काढलाच कीं, असें मंडळी हंसून म्हणतात. हंसण्यापूर्वीं त्यांनीं तीन वर्षें जुळवून पाहावीं. २००१ सालचा 'ध्यासपर्व' हा 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्वे यांचें चरित्र. संततिनियमनासाठीं ज्यांनीं जन्मभर उपहास सोसला, त्यांचें. २००३ सालच्या 'अनाहत'मध्यें नियोगाच्या रात्रींतून एका राणीला स्वतःच्या इच्छेची ओळख पटते. २००५ सालचा 'पहेली' विजयदान देथा यांच्या कथेवरचा. तींत पतीचें रूप घेऊन आलेल्या भुताला सत्य कळूनही स्वीकारणारी नववधू आहे. देहावर अधिकार कोणाचा, हा एकच प्रश्न तिन्ही ठिकाणीं विचारला आहे. पहिल्यांत साधा पोशाख, तिसऱ्यांत भरजरी, इतकाच भेद. पोशाख पाहून माणूस बदलला म्हणणें हें वरवरच्या दृष्टीचें लक्षण होय.

पालेकरांचें सर्वच काम निर्दोष आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांच्या कांहीं चित्रपटांची गति मंद आहे. कांहीं ठिकाणीं संवाद माणसाच्या तोंडचा न वाटतां पुस्तकांतला वाटतो. हे दोष पाहणाऱ्यानें अवश्य सांगावे. आमचा वाद न पाहणाऱ्यांशीं आहे.

तिसरा आक्षेप हाच : "त्यांचे चित्रपट पाहतो कोण ?" हा प्रश्न दिग्दर्शकास कां विचारावा ? व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आम्ही वर्गांत शिकवीत आलों. तिच्यावरील पालेकरांच्या चित्रपटास १९९५ सालचा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकदां आम्हीं विद्यार्थ्यांस विचारलें, हा चित्रपट कोणी पाहिला काय ? एकही हात वर आला नाहीं. तो दोष मुलांचा नव्हता, आणि दिग्दर्शकाचाही नव्हता. त्यांच्या गांवीं तो कोणीं नेलाच नव्हता ! आम्ही स्वतःही वर्षानुवर्षें पुस्तक शिकवून घरीं गेलों. चित्रपट दाखविण्याची खटपट आम्हीं केली नाहीं, हें कबूल करतों.

नरसीपासून औंढा नागनाथ फार दूर नाहीं. नामदेवराय कीर्तन करीत असतां त्यांना देवळामागें जावयास सांगितलें, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलें, अशी तेथील आख्यायिका आहे. स्वतंत्र दिग्दर्शकास आम्हीं असेंच मागें पाठविलें आहे; वर पुन्हां त्याच्यासमोर श्रोते नाहींत, म्हणून त्यालाच हिणवितों. देवळें फिरण्याचे दिवस गेले असतील. पण माणसांस मान फिरवितां येते. पुढल्या कार्तिकांत त्याच मंडळींनीं वर्गणी काढावी, रीतसर परवानगी मिळवावी, नरसीस पडदा टांगावा आणि 'आक्रीत' व 'बनगरवाडी' पाहावे. मग नांवें ठेवावयाचीं तर खुशाल ठेवावीं; आम्हीही कदाचित् त्यांत सामील होऊं. न पाहतां मात्र ठेवूं नयेत.