गाडी स्वस्त झाली, बिलं नाही



जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तेव्हापासून आपल्या मंडळींत एक वाक्य फार ऐकू येतं : "काका, जुनी गाडी म्हणजे गुंतवणूक." लग्नात ऐकतो, गणपतीत ऐकतो. बोलणाऱ्याच्या मनात 1930 सालची राजेशाही मोटार नसते. पंधरा-पंचवीस वर्षांपूर्वीची फेरारी, लॅम्बोर्गिनी किंवा पोर्शे असते, नवीन असतानाच्या किमतीच्या निम्म्यात मिळणारी. माझी नोकरी कर्जाच्या फायली तपासण्यात गेली. हे वाक्य मला साफ चुकीचं वाटतं. त्यासाठी कुठला पैसा काढला जातोय ते पाहिलं की भीतीही वाटते.

कोणी म्हणेल, म्हाताऱ्याला इटालियन गाड्यांचं वावडं आहे. अजिबात नाही. आपल्यापैकी किती घरांत फियाट 1100 होती! तीही मूळची इटालियनच, फक्त कुर्ल्यात बनायची. 1969 साली याच फियाटने फेरारीचा निम्मा हिस्सा विकत घेतला. म्हणजे घराणं एकच. पण फियाट वीस-पंचवीस वर्षं टिकली, कारण रावपुऱ्यातला कुठलाही मिस्त्री ती डोळे मिटून उघडत होता आणि सुटा भाग संध्याकाळपर्यंत मिळत होता. जी गाडी कोपऱ्यावर दुरुस्त होते, ती म्हातारी झाली तरी घरात नांदते.

आता फेरारी 355 घ्या. 1994 ते 1999 या काळातली. आपली अमेरिकेतली मुलं हिच्यावर फार लट्टू आहेत. साडेतीन लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, म्हणजे चाळीस व्हॉल्व्ह. आवाज अप्रतिम, मान्य. पण त्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट रबराचा आहे आणि रबर किलोमीटरबरोबर वर्षांनीही म्हातारं होतं. गाडी शेडमध्ये झाकून ठेवली तरी तीन ते पाच वर्षांत बेल्ट बदलावाच लागतो. न बदलता तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन बाद. आता गंमत बघा. हा बेल्ट इंजिनाच्या सीटकडच्या बाजूला, मधल्या भिंतीला लागून आहे. तिथे हात पोचत नाही. म्हणून बेल्टसाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. अमेरिकेत या एका कामाला दहा हजार डॉलरच्या आसपास सहज जातात. शिवाय एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डला तडे जाणं, सुरुवातीच्या गाड्यांत व्हॉल्व्ह गाइड झिजून इंजिन तेल पिऊ लागणं, आतली प्लास्टिकची बटणं चिकट होणं, ही दुखणी जगजाहीर आहेत.

मुद्दा एवढाच : गाडीची किंमत घसाऱ्याने निम्मी होते, देखभाल निम्मी होत नाही. बिल येतं ते नव्या गाडीच्या श्रीमंतीप्रमाणे. उलट वय वाढलं की ते वाढतं.

"मग पॅलेसमध्ये मांडल्या होत्या त्या शंभर वर्षांच्या गाड्या कशा चालतात?" हा प्रश्न मला हमखास विचारतात. त्या लोखंड, पितळ आणि कातड्याच्या आहेत. भाग मिळाला नाही तर चांगला लेथवाला तो घडवून देतो. 1990 नंतरच्या गाडीत संगणकाचे डबे, सेन्सर, हायड्रॉलिक गिअर आहेत. ते लेथवर होत नाहीत आणि कंपनीकडचा साठा दरसाल आटत जातो. गाडीचं हे मधलं वयच सगळ्यात वाईट.

आता गुंतवणुकीचा हिशेब मांडू. आकडे माझे, समजण्यापुरते. 355 घेतली 60 हजार डॉलरला, दहा वर्षांनी विकली एक लाखाला. मुलगा म्हणतो, चाळीस हजार नफा. त्यातून दोन बेल्टची कामं 20 हजार, इतर दुरुस्ती आणि टायर वर्षाला दोन हजार धरले तरी 20 हजार, विमा आणि गॅरेज वर्षाला दीड हजार, म्हणजे 15 हजार. खर्च झाला 55 हजार. नफा गेला आणि वर पंधरा हजारांचा तोटा. शिवाय साठ हजारांवरचं दहा वर्षांचं व्याज बुडालं ते वेगळंच. आणि भाव चढतो तो ज्यांच्याकडे प्रत्येक सर्व्हिसची पावती आहे, ज्यांनी गाडी फारशी चालवलीच नाही, त्यांचा. न चालवण्यासाठी घेतलेल्या गाडीला हौस तरी कशी म्हणायची?

भारतात तर परीक्षा आणखी कडक. अशी तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी सहसा परदेशातून आणता येत नाही, म्हणून इथे फिरणाऱ्या त्याच त्या मोजक्या गाड्या हातोहाती विकल्या जातात. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आलं. आयात गाडीला त्याची फी 2022 मध्ये 40 हजार रुपये झाली. नेहमीच्या विमा पॉलिसीत दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या सुट्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात, रबर-प्लास्टिकवर तर पहिल्या दिवसापासून 50 टक्के. अपघाताशिवाय आपोआप बिघडलेलं इंजिन पॉलिसीत बसतच नाही. बडोद्यात गाडी बंद पडली की ट्रकवर चढवून चारशे किलोमीटर मुंबईला न्यायची. ओळखीतल्या एका घरची अशी गाडी एका सुट्या भागासाठी चार महिने वर्कशॉपमध्ये उभी होती, आणि हप्ते चालूच होते.

हप्ते कशाचे, ते ऐका. इतक्या जुन्या गाडीवर बँका सहसा कर्ज देत नाहीत. म्हणून घर तारण ठेवलं होतं. दुसऱ्या एका घरी वाड्याच्या वाटणीतून आलेली आईची ठेव मोडायचं घाटतंय. मंडळी, आपले वाडे एकेक करून गेले. दांडिया बाजारात फिरून बघा, पाट्या बदलल्या. आजोबांनी संस्थानच्या नोकरीत पै-पै जोडून बांधलेल्या भिंतींचे जे काही पैसे उरलेत, ते आईच्या औषधपाण्याचे आहेत. ते दर पाच वर्षांनी एका रबरी पट्ट्यावर घालवायचे?

"हौसेला मोल नाही" असं मला सुनावतात. हौसेला नसेल, बिलाला असतं. ज्याच्याकडे गाडीच्या किमतीइतकी दुसरी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला आहे, आणि ती गेली तरी घराची चूल हलणार नाही, त्याने खुशाल घ्यावी. आवाज ऐकायला मीही येईन. पण मग तिला हौस म्हणा, गुंतवणूक म्हणू नका. आणि घेण्याआधी तीन गोष्टी बघा : सगळ्या सर्व्हिसच्या पावत्या, बेल्ट शेवटचा कधी बदलला त्याची तारीख, आणि टायरवरचे चार आकडे, ज्यांत टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं. यातलं एकही मिळालं नाही तर विकणाऱ्याला नमस्कार करून घरी या.

आणि आईच्या ठेवीच्या पावतीवर सही घ्यायला जाणार असाल, तर त्याआधी हे तिला वाचून दाखवा. मग ती सांगेल तसं करा.