विहाराच्या कपाटातला इतिहास कोण वाचवणार?

गेल्या वर्षावासात एका वस्तीतल्या विहाराचे कपाट आवरताना चाळीसेक सीड्यांचा गठ्ठा सापडला. पाकिटांवर मार्करने लिहिलेले होते, ‘जयंती २००४’, ‘धम्म परिषद’, ‘मोर्चा, कलेक्टर ऑफिस’. समितीतल्या एकाच्याही लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नव्हता. शेवटी एका फोटो स्टुडिओतल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्या लावून पाहिल्या. निम्म्याहून अधिक उघडल्याच नाहीत.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेचे फोटो आपण जवळजवळ सत्तर वर्षांनीही पाहू शकतो, आणि वीस वर्षांपूर्वीची आपल्याच वस्तीतली जयंती मात्र पाहू शकत नाही. कागदावरचा फोटो पिवळा पडला तरी डोळ्यांना दिसतो. डिजिटल फोटोला वाचणारे यंत्र लागते, आणि ते यंत्र बाजारातून गेले की चांगला फोटोसुद्धा मुका होतो.

सीडीवर फोटो ज्या रासायनिक थरावर लिहिले जातात, तो उष्णता, दमट हवा आणि उन्हाने खराब होतो. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डातला विद्युतभार वर्षानुवर्षे न वापरल्यास ओसरू शकतो. हार्ड डिस्कचे फिरते भाग कधीतरी बंद पडतातच. जुन्या कॅमेऱ्यांची एक्सडी कार्डे किंवा मेमरी स्टिक वाचणारा रीडर आज दुकानात सहज मिळत नाही.

‘आमचे सगळे ऑनलाइन आहे’, असे तरुण कार्यकर्ते सांगतात. ऑर्कुटही ऑनलाइनच होते. ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केले. आपल्याकडे संघटनेचे फोटो बहुधा एकाच कार्यकर्त्याच्या खात्यावर असतात. तो संघटना सोडून गेला, पासवर्ड विसरला किंवा दगावला, तर संघटनेची स्मृतीही त्याच्याबरोबर जाते.

हा प्रश्न फक्त आठवणींचा नाही. २००६ च्या खैरलांजीनंतर आजपर्यंत अन्यायाच्या कितीतरी घटनांत सत्यशोधनाला गेलेल्या आपल्याच लोकांनी फोटो काढले. ते पुरावे आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवले की चित्राचा दर्जा घसरतो आणि तारीख-वेळेची मूळ नोंद सहसा निघून जाते. म्हणून मूळ फाइल जपा. पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

आपल्या परंपरेला ही अडचण नवी नाही. बुद्धवचन आधी भिक्खूंच्या पाठांतरात टिकले. इ. स. पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत ते ताडपत्रांवर लिहिले गेले, पुढे छापले गेले. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने तेच तिपिटक सीडीवर आणले आणि नंतर वेबसाइटवर. प्रत्येक साधन अनित्य होते. ते नष्ट होण्याआधी कुणीतरी पुढची प्रत केली, म्हणून धम्म आपल्यापर्यंत पोचला.

मग करायचे काय? प्रत्येक फोटोच्या तीन प्रती ठेवा. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, शक्यतो दुसऱ्या गावात असावी. खाते संघटनेच्या नावाचे असावे आणि त्याची माहिती किमान तिघांकडे असावी. अत्यंत महत्त्वाचे मोजके फोटो छापून घ्या. दर धम्मचक्र प्रवर्तन दिनाआधी सगळ्या प्रती उघडून तपासा, आणि दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवा.

नाव-गाव नसलेला फोटो वाचला तरी अर्धाच वाचतो. वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन आपण करतोच. त्यातली एक संध्याकाळ फोटोंसाठी द्या. वस्तीतल्या आजी-आजोबांना, जुन्या उपासक-उपासिकांना फोटो दाखवा. कोण, कुठे, कधी, कशासाठी, हे वहीत आणि फाइलच्या नावात लिहा. निळा झेंडा धरून मोर्चात पुढे चाललेल्या बाईचे नाव सांगणारी माणसे अजून आहेत. ती कायम असणार नाहीत.

एक पथ्य मात्र पाळा. अत्याचारग्रस्त कुटुंबांचे फोटो जपायचे, पण त्यांच्या संमतीशिवाय जाहीर करायचे नाहीत.

बाबासाहेबांची हस्तलिखिते जपली गेली म्हणून १९७९ पासून शासनाला त्यांच्या लेखन आणि भाषणांचे खंड काढता आले. आपल्या वस्तीच्या मोर्चाचा फोटो जपायला शासन येणार नाही. ते काम विहार समितीचे आणि पर्यायाने आपले आहे. येत्या रविवारी विहाराचे कपाट उघडा.

जय भीम! नमो बुद्धाय!