सरावाची शर्यत आणि शर्यतीचा सराव

डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग ही दक्षिण आफ्रिकेतील दोन शहरे मराठी वाचकाला परिचित आहेत ती गांधीजींच्या चरित्रामुळे. १८९३ च्या जूनमध्ये डर्बनहून निघालेल्या तरुण बॅरिस्टरला पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरविण्यात आले ते पीटरमॅरिट्झबर्गच्या फलाटावर. याच दोन शहरांच्या दरम्यान १९२१ पासून ‘कॉम्रेड्स मॅरेथॉन’ ही पायी शर्यत होत आली आहे. दुसऱ्या महायुद्धाची आणि अलीकडे करोनाच्या साथीची वर्षे सोडली तर तिच्यात खंड पडलेला नाही. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या व्हिक क्लॅफम या रेल्वे इंजिनचालकाने आपल्या मृत सोबत्यांच्या स्मरणार्थ ती सुरू केली. पहिल्या वर्षी धावले केवळ ३४ जण. आज ही संख्या हजारोंच्या घरात असते आणि तिच्यात मुंबई-पुण्याकडून जाणाऱ्या मराठी धावपटूंचाही भरणा असतो. अंतर ८७ ते ९० किलोमीटर, वाटेत पाच नावाजलेल्या टेकड्या, आणि मुदत बारा तासांची. या शर्यतीची तयारी कशी करावी, हा प्रश्न म्हणूनच आता सर्वस्वी परदेशातला राहिलेला नाही.

नव्वद किलोमीटर धावण्याचा सराव नव्वद किलोमीटर धावून करता येत नाही, ही त्यातील मूळ अडचण होय. तसे केल्यास शरीर सावरण्यातच महिना दीड महिना जातो. त्यामुळे लहान अंतराच्या शर्यतींतून तयारी करण्याची वहिवाट पडली. केप टाउनची ‘टू ओशन्स’ ही ५६ किलोमीटरची शर्यत १९७० साली निघाली ती याच गरजेतून. कॉम्रेड्सला जाणाऱ्यांना आधी एक लांब सराव मिळावा एवढाच तिचा माफक हेतू होता, आणि पहिल्या वर्षी तिच्यात २६ जण उतरले होते. पुढे काय घडले ते पाहण्यासारखे आहे. सरावासाठी निघालेल्या या शर्यतीला स्वतःचे विजेते, स्वतःची पदके, स्वतःचे विक्रम लाभले. तिच्यासाठीही आता लोक वेगळा सराव करतात! पूर्वपरीक्षेचीच वार्षिक परीक्षा झाली, की शिक्षकाला आणखी एक चाचणी शोधावी लागते, तसाच हा प्रकार म्हणावा लागेल.

सरावाची शर्यत वाईट, असा याचा अर्थ नव्हे. उलट, एकट्याने पहाटे रस्ता तुडवून जे कळत नाही ते तिच्यात कळते. उताराचेच उदाहरण घ्यावे. चढ माणसाला दमवितो हे सर्वांना ठाऊक असते. उतार त्याला मोडतो, हे बहुतेकांना अनुभवानेच समजते. उतारावर प्रत्येक पावलागणिक मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवर घालत असतात आणि त्यात त्यांचे सूक्ष्म तंतू फाटतात. ज्या वर्षी कॉम्रेड्स डर्बनच्या दिशेने धावली जाते, त्या वर्षी सुमारे आठशे मीटर उंचीवरून समुद्रसपाटीला यावयाचे असते, आणि मोठे उतार येतात ते शर्यतीच्या उत्तरार्धात, पाय आधीच थकलेले असताना. एकदा पुरेशा उतारावर धावून स्नायू दुखावले व बरे झाले, की पुढील काही आठवडे तशाच माऱ्याने ते तितके दुखावत नाहीत. शरीराची ही सोय शास्त्रज्ञांनी प्रयोगांनी पडताळलेली आहे. मुख्य शर्यतीच्या आधी दीड-दोन महिने एक लांब, चढउतारांची धाव असावी या सल्ल्यामागचे एक सबळ कारण हेच.

दुसरी गोष्ट पोटाची. स्नायूंत व यकृतात साठविलेली साखर वेगाने धावणाऱ्याला दोन-तीन तास पुरते. पुढचा सारा प्रवास वाटेत खाल्लेल्या-प्यालेल्यावर चालतो. आठव्या तासाला केळे पचते की उलटते, गोड पेयाची शिसारी कितव्या तासाला येते, हे घरी बसून ठरविता येत नाही. पाण्याबाबत तर गैरसमज घातकच ठरू शकतो. तहान नसताना घोटामागून घोट घेत राहिल्यास रक्तातील सोडियम उतरून धावपटू बेशुद्ध पडतो, हे वैद्यकाच्या ध्यानी आले त्यात १९८१ च्या कॉम्रेड्समधील एका धावपटू स्त्रीच्या आजाराचा मोठा वाटा होता. टिमोथी नोक्स या दक्षिण आफ्रिकी वैद्याने सहकाऱ्यांसह १९८५ साली त्यावर लिहिले. तोवर ‘जितके अधिक प्याल तितके बरे’ असाच सर्वत्र उपदेश चालू होता. बूट, मोजे, मांड्यांना लावावयाचे व्हॅसलिन या बाबी क्षुल्लक खऱ्या. पण सत्तराव्या किलोमीटरला क्षुल्लक असे काही उरत नाही.

रंगभूमीच्या भाषेत ही रंगीत तालीम होय. वेषभूषा, प्रकाश, प्रवेशांचा क्रम सारे खऱ्या प्रयोगासारखे. फक्त नटाने आपला आवाज त्या रात्री फोडून घ्यावयाचा नसतो. नेमकी हीच मर्यादा आज सर्रास ओलांडली जाते. छातीवर क्रमांक लागला, शेजारून कोणी पुढे गेला, की सरावाचा बेत गळून पडतो. शेवटी जी वेळ लागते ती मित्रमंडळींत मिरविली जाते आणि तिची किंमत दोन महिन्यांनी पॉली शॉर्ट्‌सच्या चढावर चुकती करावी लागते. तालमीत मल्ल जोर करतो तो सोबत्याला चीत करण्यासाठी नव्हे. तेथे पाठ लागली म्हणून कोणाची गदा जात नाही. धावपटूला मात्र सरावात मागे राहणे अपमानाचे वाटते.

याला प्रत्युत्तर म्हणून काही ठळक नावे पुढे केली जातात. फ्रिथ व्हॅन डर मर्व्ह या शिक्षिकेने १९८९ साली टू ओशन्स आणि कॉम्रेड्स या दोन्ही शर्यती स्त्रियांत जिंकल्या. कॉम्रेड्सची तिची ५ तास ५४ मिनिटे ४३ सेकंदांची वेळ डर्बनकडील मार्गावर २०२३ पर्यंत अबाधित होती. ती मोडणाऱ्या गेर्डा स्टाइननेही त्याच वर्षी, आणि पुन्हा २०२४ मध्ये, दोन्ही शर्यती जिंकल्या. ही उदाहरणे खरी आहेत, थोर आहेत, आणि म्हणूनच सामान्य धावपटूच्या उपयोगाची नाहीत. ज्याच्या शरीराला वर्षानुवर्षांच्या प्रचंड सरावाची सवय आहे त्याला ५६ किलोमीटरची झीज जितकी जाणवते, तितकीच ती दिवसभर फळ्यासमोर उभे राहून किंवा कचेरीत फायली हातावेगळ्या करून रविवारी धावणाऱ्याला जाणवेल, असे समजणे भाबडेपणाचे आहे. शिवाय दुसऱ्या बाजूचा दाखलाही तितकाच भक्कम आहे. १९८१ ते १९९० या काळात नऊ वेळा कॉम्रेड्स जिंकणारा ब्रूस फोर्डाइस आपला जोर त्या एका दिवसासाठी राखून ठेवण्याबद्दलच प्रसिद्ध होता. प्रत्यक्ष शर्यतीतही आरंभी तो इतरांना खुशाल पुढे जाऊ देई.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पैलू आहे, तो पैशाचा आणि रजेचा. आता जवळजवळ प्रत्येक रविवारी कोठे ना कोठे शर्यत असते. प्रवेशशुल्क, प्रवास, मुक्काम असा खर्च एकेका सरावामागे होतो आणि कॉम्रेड्सचा विमानप्रवास तर पुढेच असतो. पदके देणाऱ्या सात-आठ शर्यती वर्षाकाठी धावण्याची खरोखर आवश्यकता नाही. पात्रतेसाठी एक अधिकृत मॅरेथॉन लागते. ती जानेवारीत मुंबईला धावता येते, आणि तेथेही पात्रतेच्या वेळेत पोहोचल्यावर पेडर रोडच्या चढावर ऊर फोडण्याचे प्रयोजन नाही. त्यानंतरच्या लांब धावेला ना क्रमांक लागतो ना पदक. मार्च-एप्रिलमध्ये, उन्हे चढण्यापूर्वी संपेल अशा बेताने, रात्री दोन-अडीचला निघून घाटरस्त्याने पन्नास किलोमीटर जावे. चढ चालून जावे, उतार धावावा, ठरल्या वेळी ठरलेलेच खावे. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटासारखे रस्ते त्यासाठी आहेतच. पाच-सहा सोबती आणि पाणी घेऊन मागे येणारी एक गाडी एवढ्यावर हे भागते. मात्र गुडघा कुरकुरू लागला तर तिसाव्या किलोमीटरलाच त्या गाडीत बसण्याचा निर्णय निघण्यापूर्वी झालेला असावा. घाटात, सोबत्यांच्या देखत, तो होत नाही.