कम्पाइलरला फाइल सापडत नाही? चूक तुमची असेलच असं नाही

परवा रात्री अकराच्या सुमारास मामेबहिणीचा व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट आला. ती बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. घरी लॅपटॉप नाही, म्हणून फोनवर टर्मक्स टाकून सी शिकते. स्क्रीनवर एरर होती: 'कोनिओ डॉट एच' फाइल सापडली नाही. खाली मेसेज: "दादा, पुस्तकातला प्रोग्रॅम जसाच्या तसा टाइप केला तरी चालत नाही. मला नाही जमणार हे."

लॅपटॉपशिवाय कोडिंग शिकणारी मुलं आता कमी नाहीत. त्यातली बरीच पहिल्याच आठवड्यात अशा एररला अडकतात आणि डोकं आपलंच चालत नाही असं समजून सोडून देतात. म्हणून हा प्रकार नीट समजून घेऊ.

कम्पाइलर शोधतो कुठे?

हॅश इन्क्लूड लिहिलं की कम्पाइलर त्या नावाची हेडर फाइल शोधायला लागतो. पण तो अख्खा फोन धुंडाळत नाही. त्याच्याकडे फोल्डरांची एक ठरलेली यादी असते, तीच इन्क्लूड पाथ. त्या यादीत फाइल नसेल तर एरर येते, मग ती शेजारच्या फोल्डरमध्ये का असेना.

नाव दुहेरी अवतरणात असेल तर आधी तुमच्या कोडच्या फाइलचं फोल्डर बघितलं जातं आणि मग यादी. कोनी कंसात असेल तर थेट यादी.

पुस्तक जुनं, फोन नवा

बहिणीच्या बाबतीत पाथचा दोषच नव्हता. 'कोनिओ' ही सी च्या स्टँडर्डमधली फाइल नाही. ती टर्बो सी सारख्या डॉसच्या काळातल्या कम्पाइलरांसोबत यायची. आपल्याकडे कितीतरी कॉलेजांत १९९० च्या दशकातला टर्बो सी++ पुढे वर्षानुवर्षं चालला आणि पुस्तकंही त्यावरच बेतली गेली. टर्मक्समध्ये असतो क्लँग. त्याच्याकडे ही फाइल नाहीच, मग पाथ बदलून काय होणार?

तिने एका चॅटबॉटला विचारलं होतं. त्याने 'सुडो' वापरून पॅकेज टाकायला आणि 'यूएसआर'मधलं इन्क्लूड फोल्डर जोडायला सांगितलं. हा सल्ला लिनक्सच्या कॉम्प्युटरचा. टर्मक्समध्ये सुडो मुळात नसतं आणि हेडर फाइल टर्मक्सच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतात. चॅटबॉटला विचारताना फोन, टर्मक्स, क्लँग हे तीन शब्द आधी लिहा, उत्तर बरंच सुधारतं.

आणि हे फक्त नवशिक्यांचं दुखणं नाही. २०१८ मध्ये ॲपलने मॅकओएस मोजावे आणि एक्सकोड १० आणताना हेडर फाइल नेहमीच्या 'यूएसआर इन्क्लूड' फोल्डरमध्ये टाकणं बंद केलं. फाइल एसडीकेच्या आत होत्या, पण अनेक जुने प्रोजेक्ट जुन्याच जागी बघत राहिले आणि अडले. सी++ मध्ये २०२० च्या स्टँडर्डपासून मॉड्यूल आले, तरी तेही कम्पाइलरला कुठेतरी शोधावेच लागतात. म्हणजे हा प्रश्न लवकर संपणारा नाही.

एरर आली तर या क्रमाने बघा

१. फाइल कोणाची आहे? स्टँडर्ड, तुमची, की एखाद्या लायब्ररीची? लायब्ररीची असेल तर आधी ते पॅकेज इन्स्टॉल करा.

२. स्पेलिंग आणि कॅपिटल अक्षरं तपासा. विंडोज सहसा हा फरक करत नाही, टर्मक्सच्या होम फोल्डरमध्ये मात्र होतो.

३. कम्पाइलच्या कमांडमध्ये डॅश आणि स्मॉल व्ही जोडा. कम्पाइलर कुठे कुठे शोधतोय त्याची यादीच छापून येते. अंदाज बांधण्यापेक्षा ती वाचा.

४. तुमचं फोल्डर यादीत नसेल तर डॅश, कॅपिटल आय आणि लगेच फोल्डरचा पत्ता लिहा. अर्धवट पत्ता दिला तर तो कमांड जिथून चालवता तिथून मोजला जातो. बरेच जण इथेच फसतात.

५. 'अनडिफाइन्ड' असं काही आलं तर ती लिंकरची तक्रार आहे. हेडर सापडलाय, इन्क्लूड पाथशी खेळत बसू नका.

बहिणीला मी कोनिओची ओळ, 'सीएलआरएससीआर' आणि 'गेटसीएच' काढायला सांगितलं. प्रोग्रॅम लगेच चालला. मग तिने विचारलं, "दादा, परीक्षेत कोणतं लिहू?"

पुस्तकातलंच लिही म्हणालो, मार्क त्यालाच आहेत. पण मला ते पटलेलं नाही. फोनवर एकटीने शिकणाऱ्या मुलीला कोणता कम्पाइलर वापरायचा आणि पुस्तकातल्या कोणत्या ओळी गाळायच्या, हे एका पानावर छापून द्यायला कॉलेजला खर्च येत नाही. तोवर तुमच्या ग्रुपवर ही यादी टाकून ठेवा.